दयेने पतशिस्त बिघडते का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, ‘श्रद्धा माणसाला आनंद देते का?’ असा परिसंवाद होता. एका खुर्चीवर आमच्याकडचे एक पाळक, दुसऱ्या खुर्चीवर एक निवृत्त प्राध्यापक. पाळक म्हणाले, प्रभूवर भरवसा ठेवणारा माणूस कधी उदास राहत नाही. उदास असेल तर भरवशातच कुठेतरी खोट आहे. प्राध्यापक म्हणाले, हीच ती अफू. चढली की सगळं छानच दिसतं. दीड तास दोघेही आपापल्या रुळावरून धावले आणि आपापल्या माणसांकडून टाळ्या घेत राहिले. अगदी शेवटी सहकारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. “मी पस्तीस वर्षं कर्जवसुली केली,” ते म्हणाले. “कर्जमाफीची नुसती कुजबुज सुरू झाली की नियमित भरणारेसुद्धा हप्ता थांबवायचे. तुमचा देव तर माफी जाहीर करूनच बसलाय. मग माणसाची पतशिस्त बिघडणार नाही का?” हॉल हसला, पाळक हसले, प्राध्यापकही हसले. वेळ संपल्यामुळे आभारप्रदर्शन झालं.

त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तेवढा एकच होता, आणि त्याचंच उत्तर कुणी दिलं नाही. देणार तरी कसे? दोघेही आनंदावर असे भांडत होते की जणू ते एखादं टॉनिक आहे. एकाच्या मते बाटली अस्सल, दुसऱ्याच्या मते आत गुंगीचं औषध. देवाची दया म्हणजे नेमकं काय आणि ती मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, याकडे कुणी वळलंच नाही. मी जन्माने ख्रिस्ती आहे आणि बऱ्यापैकी नेमाने रविवारी उपासनेला जातो, तेव्हा माझी बाजू लपवत नाही. माझं म्हणणं असं की दया माणसाची भीती काढून घेते, आणि भीती गेलेला माणूसच स्वतःची खातेवही दुसऱ्यासमोर उघडू शकतो. ख्रिस्ती माणूस ज्याला आनंद म्हणतो तो या उघडण्यातून येतो. जिथे वही बंदच राहिली तिथे दया पोचलेली नाही, मग गाणी कितीही गोड असोत.

बँकेची भाषा ऐकून पाळक हसले याचं मला नवल वाटलं, कारण ती भाषा आमच्या घरातलीच आहे. आमच्या मराठी बायबलात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत पापाला शब्दच ‘ऋण’ आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. लहानपणी हे वाक्य म्हणताना मला गावच्या कर्ज सोसायटीचे सचिव डोळ्यांपुढे यायचे. आणि ‘तारण’ हा शब्द घ्या. चर्चमध्ये त्याचा अर्थ मुक्ती, बँकेत त्याचा अर्थ कर्जापोटी गहाण ठेवलेली जमीन किंवा दागिना. या दोन अर्थांमध्येच सगळं धर्मशास्त्र आहे असं मला कधी कधी वाटतं: ज्याच्याकडे तारण ठेवायला काहीच उरलेलं नाही, त्याला तारण मिळतं ही सुवार्ता.

शिवाय बँकवाल्या काकांची शंका नवीन नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल याने ती स्वतःच मांडली आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात तर येशूने थकबाकीदाराचीच गोष्ट सांगितली. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे हे कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीचं. फेडणं अशक्य. राजाने ते सोडलं. बाहेर पडताच या माणसाने 100 दीनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरला. पुढे राजा त्याला पुन्हा बोलावतो आणि माफी मागे घेतो. म्हणजे माफीने पतशिस्त बिघडू शकते हे गोष्ट सांगणाऱ्याला पुरेपूर ठाऊक होतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो, कारण प्राध्यापकांनी तो मांडला नाही. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी. 1748 साली अटलांटिकमध्ये जहाज वादळात सापडलं, तेव्हा त्याने देवाची दया भाकली आणि वाचला. पुढे आयुष्यभर तो त्या दिवसाकडे स्वतःच्या परिवर्तनाची सुरुवात म्हणून पाहत राहिला. त्यानंतर त्याने काय केलं? गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवर कप्तान झाला. वर, डेकवर, खलाशांसाठी उपासना. खाली, तळघरात, साखळदंडांतली माणसं. 1754 मध्ये त्याने समुद्र सोडला तोही प्रकृतीमुळे, सदसद्विवेकामुळे नव्हे. पुढे तो पाळक झाला आणि 1773 च्या नववर्षदिनी त्याच्या ओल्नी गावच्या मंडळीत ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत प्रथम म्हटलं गेलं, जे आज जगभर कृपेचं गीत म्हणून ओळखलं जातं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली 1788 साली. जहाज सोडल्याला 34 वर्षं झाली होती. या मधल्या काळात तो ढोंगी होता असं मला वाटत नाही. तो खरोखर आनंदी होता, आणि तेच जास्त भयंकर आहे.

आणखीही सांगता येईल. पापी माणूस केवळ देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो, हे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्याइतक्या आवेशाने फार थोड्यांनी सांगितलं असेल. त्याच लूथरने 1543 मध्ये ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते आज वाचवत नाही. डिट्रिश बोनहॉफर या जर्मन पाळकाने 1937 मध्ये ‘सवंग कृपा’ हा शब्द वापरला तो नास्तिकांसाठी नव्हे, स्वतःच्या चर्चसाठी: पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटणारं, आणि हिटलरपुढे मान तुकवून रविवारी कृपेची प्रवचनं देणारं चर्च. तेव्हा बँकवाल्या काकांना माझं पहिलं उत्तर ‘हो’ असंच आहे. बिघडते. डोळ्यांदेखत बिघडलेली आहे.

पण मग पर्याय काय? वसुली कडक करावी? इथे मला त्याच गृहस्थांच्या धंद्यातला एक शब्द उसना घ्यावासा वाटतो: नवं-जुनं. ज्यांनी ग्रामीण बँक जवळून पाहिली आहे त्यांना तो समजावून सांगायला नको. मार्चअखेरीस जुनं पीककर्ज कागदोपत्री भरायचं आणि दोन दिवसांत नवं उचलायचं. सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणायचे, बँकेत भरायचे, कर्ज मंजूर झालं की सावकाराला परत करायचे. वही स्वच्छ दिसते. साहेब खूश, थकबाकी शून्य, आणि शेतकरी दर वर्षी थोडा आणखी खोलात. ही बेशिस्त माफीमुळे आलेली नाही. ती वसुलीच्या धाकाने आलेली आहे. धाक माणसाला प्रामाणिक करत नाही, तो त्याला कागद रंगवायला शिकवतो.

माणसाच्या अंतःकरणाचं वेगळं काही होतं का? तरुण लूथर एर्फुर्टच्या मठात नियम काटेकोर पाळत होता, पुन्हा पुन्हा पापांची कबुली देत होता. ‘देवाचं नीतिमत्त्व’ हा शब्द आपल्याला तिरस्करणीय वाटत असे, कारण त्यात फक्त शिक्षा करणारा देव दिसायचा, असं त्यानेच म्हातारपणी, 1545 मध्ये, लिहून ठेवलं आहे. भीतीच्या धर्मात भक्त देवावर प्रेम करत नाही, त्याला चुकवत असतो. आणि आपण सगळेच हे करतो. एका चुकीवर दुसऱ्या दानाचं पांघरूण, जुन्या अपराधावर नवा उपवास. हेही नवं-जुनंच.

उलट जक्कयाकडे पाहा. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला हा यरीहोचा मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि त्यात स्वतःचे हात ओले करणारा. बुटका, म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू खालून म्हणतो, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. अट नाही, आधी पैसे परत कर असं नाही, साधी कानउघाडणीही नाही. लूक लिहितो की त्याने ‘आनंदाने’ स्वागत केलं. गर्दी कुरकुरते, हा पापी माणसाच्या घरी उतरला म्हणून. ती कुरकुर म्हणजे पतशिस्तीचाच मुद्दा. आणि मग, कुणी न मागता, जक्कय उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आपणहून कबुली देणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच परत करावं लागे. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला. जक्कयाने स्वतःला चोराचा दर लावला. कुठल्या वसुली अधिकाऱ्याने हे कधी पाहिलं आहे? क्रम लक्षात घ्या: आधी दया, मग आनंद, मग हिशेब. न्यूटनच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी झाल्या आणि तिसरीला चौतीस वर्षं लागली. त्यावरून क्रम खोटा ठरतो की न्यूटन उशिरा उतरला झाडावरून? मला दुसरं पटतं. बोनहॉफरलाही हेच म्हणायचं होतं असं मी समजतो.

प्राध्यापकांच्या अफूकडे येतो. ‘धर्म ही जनतेची अफू’ हे मार्क्सचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या आधीचं कुणी वाचत नाही. तिथे तो धर्माला पिडलेल्या जिवाचा सुस्कारा आणि हृदयशून्य जगाचं हृदय म्हणतो. त्याचा आरोप इतकाच की वेदना शमली की माणूस वेदनेचं कारण शोधत नाही. आरोप गंभीर आहे आणि पुष्कळदा खराही. पण त्याची कसोटी पाहायची तर महाराष्ट्राबाहेर जायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य घ्या. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यांना आत ओढलं ते कुठल्या चमत्काराने नाही. लंडनमध्ये फुलहॅम इथे ख्रिस्ती धर्मभगिनींचं एक आश्रयगृह होतं, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी. आपल्याकडे ज्यांची सावलीही नको, त्यांची इथे सेवा का होते, असं रमाबाईंनी विचारलं. एका भगिनीने उत्तरादाखल योहानाचा चौथा अध्याय पुढे केला: विहिरीपाशी, ज्यूंनी हीन मानलेल्या शोमरोनी जमातीतल्या स्त्रीशी बोलत बसलेला येशू. रमाबाईंना दया प्रथम भेटली ती अशी, एका संस्थेच्या कामकाजात.

पुढचा भाग आमच्या मंडळींत फारसा सांगितला जात नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे बुद्धीला पटलेली कृपा आणि जिवाला लागलेली कृपा यांत आठ वर्षांचं अंतर. तो आनंद मिळाल्यावर बाई काय करतात? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास मुली घेऊन येतात, 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा जातात. केडगावला शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण, आणि मरेपर्यंत हिब्रू-ग्रीकमधून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर. अफू घेतलेला माणूस पहाटे उठून टाइप जुळवत बसतो का? आणि ही बाई कुणापुढे नमणारीही नव्हती. जिने त्यांना धर्मात आणलं त्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. चर्चच्या अधिकारावर त्या इतक्या बिनधास्त वाद घालतात की सिस्टरची दया यावी.

इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. 1893 मध्ये शारदा सदन या रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या शाळेत मुलींना ख्रिस्ती केलं जातं, यावरून वाद पेटला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीने झोड उठवली. त्या टीकेत पुरुषी अहंकार होता, पण एक रास्त प्रश्नही होता: ज्या मुलीचं पोट तुम्ही भरता, तिची निवड कितपत मोकळी? दुष्काळातून उचललेल्या मुलीबाबत तो आणखी टोकदार होतो. मी त्याला सफाईदार उत्तर देणार नाही. इतकंच म्हणेन की हा प्रश्न भाकरी आणि सत्तेचा आहे, आणि भाकरी वाटणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मिशनरी असो की सरकार, तो स्वतःला विचारावा लागतो.

आता आमच्या पाळकांशी भांडतो, आणि खरं तर हे भांडण मला जास्त जिव्हाळ्याचं आहे. ‘उदास असाल तर विश्वास कमी’ या वाक्याने जितकी माणसं चर्चपासून तुटली असतील तितकी नास्तिकांच्या भाषणांनी तुटली नसतील. माझ्या एका नात्यातल्या बाईंचा तरणा मुलगा गेला. दफनाच्या दिवशी एकाने त्यांना सांगितलं, रडू नका, तो प्रभूकडे आहे, आनंद करा. त्या नंतर कित्येक महिने उपासनेला आल्या नाहीत. मीही त्यांच्या जागी आलो नसतो. ज्या ग्रंथाचा दाखला हे लोक देतात त्यात आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी ‘येशू रडला’ हे दोनच शब्दांचं वचन आहे. काही क्षणांत आपण लाजराला उठवणार हे माहीत असूनही तो रडला. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी सरळ आक्रोश आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. त्याच पत्रात, माझा सोबती एपफ्रदीत आजारातून वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असंही तो लिहितो. एकाच कागदावर दोन्ही. रमाबाईंची मनोरमा 1921 मध्ये गेली. आई 5 एप्रिल 1922 ला. त्या मधल्या महिन्यांत त्या हसतमुख होत्या का, हा प्रश्नच मला हीन वाटतो. त्या भाषांतर पुरं करत होत्या.

शेवटची आणि सर्वांत अवघड हरकत: दया अपराध्याला, पण किंमत कोण मोजतो? बँकेत माफीचा बोजा कुणाच्या तरी ठेवींवर पडतो. चर्चमध्ये तो पीडितावर पडलेला आपण पाहिला आहे. ‘क्षमा करा’ असं सांगून देशोदेशी अत्याचारग्रस्त मुलांना गप्प बसवलं गेलं आणि अपराध्यांची फक्त बदली झाली. हे कृपेच्या नावाने झालेलं नवं-जुनं होतं. याचा बचाव मी करणार नाही, आणि शुभवर्तमानही करत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. म्हणजे शेजाऱ्याचं देणं देवाच्या खिडकीत भरता येत नाही.

आणि क्षमा म्हणजे शिक्षा रद्द, हेही खरं नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला चाललाच, मुख्य आरोपीला झालेली फाशी पुढे जन्मठेपेत बदलली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कायद्याचं काम कायद्याने करावं, क्षमा ही माझी गोष्ट, अशी त्यांची भूमिका होती. त्या लगेच ऑस्ट्रेलियाला परतल्या नाहीत. बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये आणखी काही वर्षं राहिल्या. ही क्षमा त्यांच्यावर कुणी लादली नव्हती, म्हणूनच ती क्षमा होती. दुसऱ्या कुणा विधवेला ग्लॅडिसबाईंकडे बोट दाखवून ‘बघा, त्यांनी केली’ असं म्हणणं मात्र क्रूर ठरेल.

परिसंवाद संपल्यावर खाली चहाच्या टपरीवर ते बँकवाले काका भेटले. मी जक्कयाची गोष्ट सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, पस्तीस वर्षांत एकच माणूस आपणहून वही घेऊन आला होता. विहिरीसाठी घेतलेले पैसे लग्नात उडवले, आता काय करायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाला. “मग?” मी विचारलं. “मग काय, बसवला समोर, हप्ते पाडून दिले. सगळं नाही फिटलं. बरंचसं फिटलं.” तो तुमच्याकडेच का आला, असं मी विचारल्यावर त्यांनी थोडा वेळ कपातल्या चहाकडे पाहिलं. “माझ्याआधी जे साहेब होते ना,” ते म्हणाले, “त्यांच्या केबिनमध्ये तो तीन वेळा दारापर्यंत येऊन परत गेला होता.”